जवळची प्रत

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझ्या पडद्यावर एक ओळ आली आणि हातातला चहा कीबोर्डवर सांडला. ओळ साधी होती. चौदा नंबरच्या पेटीने एक चित्रफीत मागवली होती: घर/बाबा/बेडूक. एकदाच.

हे नाव माहीत असलेली तीनच माणसं आता उरली होती. मी, माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा. बाबा चौथे होते, ते गेले. धाकटी चौदा नंबरच्या गावात राहत नव्हती आणि मी खुर्चीतून हललेही नव्हते. मग उरलं कोण, हे सांगायला ज्योतिषी नको.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर एका ओळीला मी एवढी का घाबरले ते कळायचं नाही. नेहमीच्या इंटरनेटवर तुम्ही काही बघायला मागितलं की ते जिथे ठेवलंय त्या मशीनपर्यंत मागणी जाते आणि माल तिथूनच येतो. एका सामन्याला दहा लाख माणसं बसली की तोच माल त्याच रस्त्याने दहा लाख वेळा धावतो. वाटीभर साखर हवी असली तर कारखान्याला पत्र लिहितं का कुणी? शेजारी मागतो आपण. आम्ही बांधत होतो त्या जाळ्यात पत्ता ही भानगडच नव्हती. तुम्ही फक्त वस्तूचं नाव घ्यायचं. गावातल्या पेटीत तिची प्रत असेल तर तिथूनच मिळते. नसेल तर पेटी आमच्या मुख्य भांडारातून मागवते, तुम्हाला देते आणि एक प्रत स्वतःकडे ठेवते. सात दिवस कुणी विचारलं नाही तर ती विसरून जाते. चाचणीसाठी एका महामार्गावरची चाळीस गावं घेतली होती, प्रत्येक गावात एक पेटी, नंबर रस्त्याच्या क्रमाने. भिंतीवर मी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून लावलं होतं: ‘कुठे आहे ते विचारू नका, काय हवं ते विचारा.’ पाहुणे आले की त्या वाक्यासमोर उभं राहून फोटो काढत.

आमच्याकडे रीत अशी की नवी पेटी उभी राहिली की ज्याने त्याने तिच्यावर आपापल्या घरचं काहीतरी टाकून बघायचं. कुणी मांजर टाकलं, कुणी स्वतःचं गाणं टाकून सगळ्यांचा छळ केला. मी बाबांची गोष्ट टाकली. अकरा मिनिटांची. नातीला जेवताना सांगायची म्हणून त्यांनीच बोलून ठेवलेली. एक बेडूक आपला चष्मा शोधत तळंभर हिंडतो, आणि चष्मा असतो त्याच्याच कपाळावर. काखेत कळसा नि गावाला वळसा. मधेच बाबांना खोकला येतो, ते ‘थांब हं’ म्हणतात, पाणी पितात आणि बेडूक पुन्हा निघतो.

त्या दिवशी माझ्या शेजारी बसून वेळ मोजत होता तो मापाडी. खरं नाव कुणी घेतच नसे. माल किती वेळात आला हे मिलिसेकंदात मोजणं हे त्याचं काम, आणि त्याच्याइतकं बारीक मोजणारा माणूस मी पाहिलेला नाही. शांत, नीटनेटका, कधी आवाज न चढवणारा. मीच त्याची धाकटीशी ओळख करून दिली. घरी जावईबापू म्हणून मिरवला. पुढे कळलं की तो घरातही मोजतो. भाजीला किती वेळ लागला, फोनवर किती मिनिटं बोललीस, दार उघडायला एवढा उशीर का. मोजमाप जमलं नाही की त्याचा हात उठायचा. त्यांची मुलगी, आमची पिटुकली, तीन वर्षांची असताना धाकटीचं मनगट मोडलं, तेव्हा ती मुलीला घेऊन बाहेर पडली. कोर्टाने त्याला लांब राहायला सांगितलं आणि कामावरूनही तो गेला. जाताना मला एवढंच म्हणाला, “शोधीन मी. मला घाई नाही.”

धाकटी तेवीस नंबरच्या गावात होती. मी आणि ती सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. बेकरीत काम करायची, दुसरं नाव सांगायची. पिटुकली आजोबांच्या बेडकाशिवाय घास तोंडात घेत नाही, म्हणून आठ महिन्यांपूर्वी मीच तिला आमचं यंत्र नेऊन दिलं. पडद्यावरच्या बेडकाला बोट लावलं की आजोबा सुरू. ती रोज लावायची, त्यामुळे प्रत तेवीसच्या पेटीत कायम असायची आणि मागणी आमच्यापर्यंत कधी यायचीच नाही. आठ महिन्यांत ते नाव माझ्या यादीत एकदाही दिसलं नव्हतं.

मी यादी मागे सरकवली. रविवारी सुट्टी, कुणी बघितलं नव्हतं. एक नंबरची पेटी, घर/बाबा/बेडूक, एकदा. दोन नंबर, एकदा. तीन, चार, पाच. दोन गावांत साधारण पंचवीस मिनिटांचं अंतर. तेरापर्यंत जाऊन रविवार संपला होता. आज सकाळी चौदा.

तो काय करतोय ते मला कळलं, आणि ते इतकं सोपं होतं की मला आधी का सुचलं नाही याची लाज वाटली. तो गाडी घेऊन गावात शिरत होता, जवळ ठेवून घेतलेल्या आमच्या जुन्या यंत्रावरून तिथल्या पेटीकडे बेडूक मागत होता आणि मोजत होता. दोनशे मिलिसेकंद लागले म्हणजे माल लांबून, भांडारातून आला. या गावात हा बेडूक कुणी बघत नाही. पुढचं गाव. चार मिलिसेकंदांत आला, तर प्रत गावातच आहे. म्हणजे कुणीतरी रोज बघतंय. कुणीतरी म्हणजे कोण, ते त्याला पुरतं माहीत होतं. जवळच्या पेटीने लगेच उत्तर द्यावं यासाठी मी सहा वर्षं खपले होते, आणि तेवीसची पेटी चार मिलिसेकंदांत त्याला सांगणार होती की हो, इथेच आहेत.

दहा सेहेचाळीसला पंधरा आला. मी बोटांवर मोजलं. तेवीस दुपारी दोनच्या सुमारास.

धाकटीला फोन लावला. बेकरीत मोबाइल कपाटात कुलूपबंद ठेवावा लागतो, मधल्या सुट्टीपर्यंत मिळत नाही. बेकरीचा नंबर माझ्याकडे नव्हता, कारण नंबर कुठे लिहून ठेवायचे नाहीत असं आमचं ठरलेलं. आम्ही दोघी फार हुशार ना! पोलिसांना लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, “बाई, त्याने गोष्ट मागवली, एवढंच ना? गोष्ट मागवल्याची तक्रार कशी लिहून घेऊ?” कोर्टाचा आदेश आहे म्हटलं, तर तो तिच्या दारात आल्यावर कळवा म्हणाला.

सोळा. सतरा.

मग तेवीसच्या पेटीतून ती प्रत पुसून टाकावी असं तुम्ही म्हणाल. मलाही तेच आधी सुचलं. पण पुसायची सोयच नव्हती. ती नसावी म्हणून मीच भांडले होते. एकदा गावात पोचलेली वस्तू वरून कुणाला काढून घेता येऊ नये, ना सरकारला, ना मालकाला, ना मला. गावाने ती आपणहून विसरावी, सात दिवसांनी. पेटीकडे कोण काय मागतं याची नोंद ठेवायची नाही, हाही माझाच हट्ट. त्या वेळी मापाडी माझ्या बाजूने बोलला होता आणि मला बरं वाटलं होतं. पेटी बंद करावी, तर चाळीसांत एकच बंद पेटी म्हणजे त्याला बोट करून दाखवणंच झालं.

आणि सगळ्यात वाईट ते माझ्या हळूहळू ध्यानात आलं. यादीत मला काय दिसत होतं? तो जिथे जिथे चुकला ती गावं. भांडारापर्यंत फक्त न सापडलेली मागणी येते. तेवीसला त्याने विचारलं की उत्तर गावातच मिळेल आणि माझ्या पडद्यावर काहीही येणार नाही. तो जवळ येताना मला दिसणार होता. पोचल्यावर दिसणार नव्हता. पडदा शांत झाला की समजायचं. पण तो चहाला थांबला तरी पडदा शांतच राहणार होता.

अकरा अठ्ठावन्नला अठरा.

तेव्हा मला पेरणी आठवली. मोठा सामना किंवा नवी फिल्म असली की लोकांनी मागायच्या आधीच आम्ही प्रती सगळ्या पेट्यांत भरून ठेवतो. त्याला आम्ही पेरणी म्हणतो. बेडूक चाळीसही गावांत पेरला तर सगळीकडे चार मिलिसेकंदच लागतील. मग मोज म्हणावं किती मोजतोस ते! पण पेरणीला साहेबांची सही लागते, आणि उद्या बाहेरून पाहुणे येणार म्हणून सकाळपासून त्यांच्यासाठी एक भलीमोठी फिल्म पेरली जात होती. तीन वाजेपर्यंत रांग अडलेली. साहेब मीटिंगमध्ये.

मी दार न वाजवता आत गेले. सहा माणसं बसली होती. साहेब म्हणाले, “अगं, आग लागली का?”

“लागली,” मी म्हणाले. “बाहेर या.”

जिन्यात उभं राहून मी सगळं सांगितलं. साहेब तसे घाबरट, पाहुणे म्हटलं की शर्ट बदलणारे. मापाड्याला कामावर त्यांनीच घेतलं होतं आणि घरात काय झालं ते त्यांना आजपर्यंत धड माहीत नव्हतं. आम्ही ते झाकूनच ठेवलं होतं, घरची अब्रू म्हणून. ते ऐकत असताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

“फिल्म थांबवली तर उद्या पाहुण्यांसमोर आपलं हसं होईल,” ते म्हणाले.

“होईल.”

“आणि घरगुती काही पेरायचं नाही, हा नियम तुझाच.”

“माझाच. माझ्या नियमांनीच माझी बहीण मरणार आहे, साहेब. सही करा.”

ते वर आले, स्वतः खुर्ची ओढली आणि फिल्म थांबवली. बारा तेवीसला एकोणीस आला, तो आम्ही दोघांनी बघितला. साहेबांनी सही केली. मी क्रम बदलून वीस, एकवीस, बावीस आधी घातले, बाकीची मागून. घाईत मी नाव दोनदा चुकीचं टाकलं, तेव्हा साहेबांनी मला बाजूला सारून ते टाकलं. बारा चाळीसला वीस नंबरची पेटी भरली आणि बारा बावन्नला चाळीसच्या चाळीस.

मग पडदा शांत झाला.

एक वाजला. काही नाही. वीसची वेळ कधीच टळली होती. पेरणी त्याच्या आधी पोचली म्हणून शांत? की तो एकोणीसवरून मधे कुठेही न शिरता भरधाव तेवीसला गेला, पेरणीच्या आधीच त्याला चार मिळाले, आणि आता तो बेकरीच्या दारात उभा आहे म्हणून शांत? दोन्ही शांतता सारख्याच दिसतात. साहेबांनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला. तो तोंडाला लावायचंही मला भान नव्हतं.

एक वाजून वीस मिनिटांनी धाकटीने फोन उचलला. मागे ट्रे आदळत होते.

“तायडे, एवढे फोन? काय झालं गं?”

“पिटुकली कुठे आहे?”

“शेजारच्या मावशींकडे. का?”

“जेवली का?”

“जेवली असेल एव्हाना, बेडूक बघत. तुझा आवाज असा का येतोय?”

“तो त्या रस्त्यावर आहे. कदाचित गावातच असेल. पुढच्या दाराने जाऊ नकोस. मावशींना फोन कर, मुलीला मागच्या गल्लीत आणायला सांग. आणि नीघ.”

ती रडली नाही. पूर्वी रडायची. म्हणाली, “कुठे जाऊ?”

माझ्या तोंडावर आलं होतं. मावसबहिणीचं घर होतं, माझी एक मैत्रीण होती. पण तेवढ्यात मला दिसलं की उद्या-परवा त्याचं डोकं चालेल. सगळ्या पेट्यांत बेडूक कुणी पेरला असेल? असं करू शकणारी बाई एकच. मग त्याला गावोगाव हिंडायचं कारणच नव्हतं, मला गाठलं की झालं.

“मला सांगू नकोस,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“कुठे जातेस ते मला सांगू नकोस. हा फोन टाकून दे. मला फोन करू नकोस, पत्र नको, काही नको. मला माहीतच नसलं म्हणजे माझ्याकडून काढून घेता येणार नाही.”

“किती दिवस?”

“मला नाही माहीत गं.”

“तायडे, मग तुझं कोण आहे?”

“माझं मी बघते. तू नीघ आधी, बाई. पळ.”

फोन कट झाला. तिने ठेवला की कुणी हिसकावला, ते मला त्या क्षणी कळलं नाही, आणि पुढचे चार तास मी त्या एकाच प्रश्नावर बसून होते.

साडेपाचला खालून वॉचमनकाकांचा फोन आला. “मॅडम, तुमचे मेहुणे आलेत.”

साहेब म्हणाले, जाऊ नकोस. पण तो इथे आहे याचा अर्थ तो तिथे नाही, आणि तेवढं मला डोळ्यांनी बघायचं होतं. मी जिन्याने उतरले, लिफ्टमध्ये कोंडून घ्यायची हिंमत नव्हती. साहेब दोन पायऱ्या मागे.

तो बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, पायावर पाय. मला बघून उठला.

“ताई, कशा आहात?”

मी वॉचमनकाकांच्या टेबलाला टेकून उभी राहिले.

“एकोणीसपर्यंत छान चाललं होतं,” तो म्हणाला. “सगळीकडे दोनशे. मग वीसला चार. गाडी लावली, दीड तास गाव पालथं घातलं. काही नाही. म्हटलं बघू पुढे. एकवीसला चार. बावीसला चार. मग समजलो आणि परत फिरलो.”

बावीसवरून. एक गाव राहिलं होतं.

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, घड्याळाकडे बघावं तसा. पापणी किती हलते, श्वास कुठे अडकतो. मी बावीसचा विचार डोक्यातून ढकलायचा प्रयत्न करत होते आणि तो जात नव्हता.

“कुठे आहे ती?” त्याने हळू आवाजात विचारलं.

“मला माहीत नाही.”

“ताई.”

“मला माहीत नाही. सकाळी माहीत होतं, आता नाही. हवं तेवढं बघ माझ्या तोंडाकडे.”

त्याने बघितलं. खूप वेळ बघितलं. आणि मी भीतीने अर्धमेली झाले होते तरी मला कळलं की त्याला काही सापडत नाहीये, कारण आत काही नव्हतंच. वॉचमनकाका उठून उभे राहिले. साहेबांनी घसा खाकरला आणि आपल्या बारीक आवाजात म्हणाले, “मी पोलिसांना फोन केलाय.” खरं म्हणजे केला नव्हता.

“पेट्या सात दिवसांनी विसरतात,” मापाडी मला म्हणाला. “मला घाई नाही.” आणि गेला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर फिल्म दोनदा अडकली आणि साहेबांनी बोलणी खाल्ली. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. उलट त्याच संध्याकाळी त्यांनी बेडूक लहान मुलांच्या यादीत सगळ्यात वर नेऊन ठेवला. म्हणाले, “जितकी जास्त पोरं मागतील तितकं बरं. आणि दर सहाव्या दिवशी पेरणी. सही मी करून ठेवतो.”

पहिला सहावा दिवस शनिवारी आला. पेरायच्या आधी मी आकड्यांचं पान उघडलं. पेरलेल्या वस्तूची बेरीज तेवढी पेट्या आठवड्याअखेर पाठवतात; त्यात कोण ते दिसत नाही, पेरणीपासून कुठल्या गावात कुठल्या वेळेला किती वेळा मागितलं तेवढंच दिसतं. अडतीस गावांत पोरं बेडूक बघत होती. बाबांची गोष्ट, खोकल्यासकट. अकरा आणि चौतीस या दोनच गावांत कुणी बघितली नव्हती.

म्हणजे अकरामध्ये ती नाही, माझ्या मनात आलं. चौतीसमध्येही नाही. उरली अडतीस. आता कुठल्या गावात रोज जेवणाच्या वेळेला एक मागणी येते ते बघितलं तर...

मी माउस सोडून दिला. इतकी भीती मला त्या दिवशी खाली टेबलाला टेकून उभी असतानाही वाटली नव्हती. मी साहेबांकडे गेले आणि म्हटलं, ते पान माझ्यासाठी बंद करा. का, असं त्यांनी विचारलं नाही. तिथल्या तिथे बंद केलं.

ती चाळीस गावांच्या बाहेर गेली असेल तर पिटुकलीला बेडूक मिळत नसेल, आणि ती जेवत नसेल. हेही मला कधी कळणार नाही. मी अकरा आणि चौतीससकट सगळीकडे पुन्हा पेरणी केली. मग घरी गेले, ताट वाढून घेतलं आणि बेडकाला बोट लावलं. बाबा लगेच आले. खोकल्यापाशी ते थांबले, म्हणाले, थांब हं, आणि मी घास हातात धरून थांबले.